मेढ्याचा तांदूळ

नकला करायची खोड मला मेढ्याच्या शाळेपासनंच. तिथले सगळे मास्तर करून संपले, तवर मी शिकायला सांगलीला मामाकडं आले आणि मामा आयताच घावला. मामा हळदपेठेत तोलार, पोती काट्यावर चढवून वजन करायचा. अंगावर सदा पिवळा धुरळा. मामी म्हणायची, "आमचं नवरदेव बारमाही हळद लावूनच हिंडत्यात."

कॉलेजात नाव घातलं त्या सालातली गोष्ट. घरची मिळकत कमी असली की फी माफ व्हायची. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, गावाकडनं मिळकतीचा दाखला धाडला, संगं निरोप: माफी झाली तर शीक, न्हाईतर परत ये, पाव्हणं बघाय लागतो. म्हणजे अर्जावर माझं लगीन टांगलेलं.

कॉलेजातला फीचा कारकून नाकात बोलायचा. "आईवडलांपाशी राहत नाहीस. मग तुला पोसतं कोण? मामा पोसत असले तर मिळकत मामांची धरणार." मामाच्या पगारावर माफी बसत न्हवती. मग त्यानंच वाट सांगितली. मामानं समक्ष यायचं आणि जेवणाचा खर्च हिचा बाप देतो, एवढं बोलायचं.

घरी मी नाक दाबून कारकून झाले आणि मामाकडनं पाठ करून घेतलं.

"मुलगी तुमच्याकडे फुकट जेवते का?"

"न्हाई सायेब. खर्च बाप देतो."

"हसायचं न्हाई मामा!"

"तू नाक सोड की मग, बये."

दुसऱ्या दिवशी तिघं गेलो. मामी बाहेर लिंबाखाली बसली. कारकुनानं तोंड उघडलं आणि मामाला हसू फुटलं, कसंबसं खोकल्यात घातलं त्यानं. तवर ठीक होतं. पण कारकुनानं वेगळंच विचारलं.

"म्हणजे भाचीच्या जेवणाचे पैसे घेता तुम्ही?"

मामाचं हसू गेलं. "कोन घेतंय? आवं सायेब, भाचीच्या ताटाचं पैसं घिऊन भनीला काय तोंड दावू?"

"मग पोसता तुम्हीच."

"व्हय, मीच! जल्मभर पोसंन!"

कारकुनानं टाक खाली ठेवला. "संपलं तर."

बाहेर येऊन मी मामीला सांगितलं. पहिल्यांदाच कुणाची नक्कल न करता. मामीनं पदर खोचला, आम्हाला मागं घेऊन आत शिरली.

"सायेब, ह्ये पैसं घेत न्हाईत, खरं हाय. पर पोरगी आमचं फुकाट खात न्हाई. हिचा बाप मेढ्यास्नं एसटीच्या टपावर तांदूळ धाडतोय. आमीच त्येचं खातोय."

तांदूळ यायचा, खोटं न्हवतं. सुगी झाली की एक पोतं.

"आगं पर..." मामा म्हणाला.

"तुमी गप ऱ्हावा."

कारकुनानं मामाकडं बघितलं. "खाता का हो?"

मामानं बाहीवरची हळद झटकली. मला वाटलं, परत भनीचं काढतोय.

"खातो," तो म्हणाला. "लय ग्वाड तांदूळ हाय."

कारकुनानं मिळकत आण्णांची धरली.

वाटेत मी कारकून करून दाखवला, तरी मामा हसला न्हाई. पेठेच्या कोपऱ्यावर एवढंच म्हणाला, "भावजीचं मिंधं झालो की गं."

"झालो तर झालो," मामी म्हणाली. "पोरगी शिकंल."

संध्याकाळी मामीनं माझ्या ताटात भाताचा ढीग घातला.

"बास की मामी!"

"गप खा. तुझ्या बापाचाच हाय."

तेवढ्यात मामानं नाक दाबलं. "मुलगी फुकट जेवते का?"

एवढी वाईट नक्कल मी कुणाची बघितली न्हाई. मामीच्या हातातला डाव हसून हसून खाली पडला.

मेढ्याचं पोतं शिमग्यालाच झाडून झालं होतं. ताटातला भात कोपऱ्यावरच्या दुकानातला, मामाच्या पगाराचा. मला ठावं होतं, त्या दोघांनाबी. मी आणखी वाढा म्हणाले.