सात वर्षांच्या मुलीचे दात

"तोंड उघड वं. दात पाहू दे."

बेसा गावातल्या शाळेचं मैदान. आठ वर्षांखालील मुलींची शर्यत. खेळाच्या मास्तरांनी तुमच्या आतेबहिणीला, मैत्रीला, रांगेतून बाहेर काढलं होतं. का? तर ती सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. छाती किंचित भरलेली. कपाळावर पुटकुळ्या. बैलबाजारात जनावराचं वय पाहतात, तसं सगळ्या पालकांसमोर तिचं वय पाहणं चाललं होतं. आणि तिनं तोंड उघडलं. मास्तर सांगतात म्हणून.

शर्यतीचा व्हिडिओ का आला नाही, असं तुम्ही दोघं नातवंडं तिकडून विचारत होतात. म्हणून लिहिते.

संस्थाचालकांची सून पुढच्याच खुर्चीवर होती. तिची मुलगी त्याच शर्यतीत. शेजारणीला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "ह्या लोकायचं असंच असते. पाहिजे तशी जन्मतारीख लिहून घेतात."

आम्ही बौद्ध. माझं शिक्षण इंग्रजीतून. हयात सरकारी कचेरीत अधिकारी म्हणून गेली. तरी आम्ही 'हे लोक'.

मी उठले. "तोंड मीट, बाळा." मग मास्तरांना म्हणाले, "ती सात वर्षांची आहे. हात लावू नका."

"मग पळता नाही येणार तिले, आजी."

"नाही पळणार."

सून हसली. "चिकन कमी खाऊ घाला, आजी."

रिक्षात मैत्रीनं विचारलं, "मी काय खोटं बोलली?"

मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे नेलं. डाव्या हाताचा एक्स-रे काढला. हाडं वयाच्या पुढे गेलेली. रक्त तपासलं. क्वचित मेंदूत गाठ असते, म्हणून एमआरआय. गाठ नव्हती. मुलींत असं वेळेआधी वयात येण्याचं बरेचदा कारण सापडतच नाही, म्हणाल्या. पण आठव्या वर्षाआधी छाती भरू लागली, उंची झपाट्यानं वाढली, तर थांबू नये. आज उंच दिसणाऱ्या मुलीची वाढ लवकर खुंटते. आता ठरावीक अंतरानं इंजेक्शन. त्यानं शरीराची ही घाई थांबते. योग्य वय झालं की बंद करायचं.

चिकनचं मी मुद्दाम विचारलं.

"त्यानं नाही झालं, आजी. वजनही बरोबर आहे तिचं. कोण म्हणतं?"

कोण म्हणतं ते सांगायला मी मुख्याध्यापिकेकडे गेले. त्या म्हणाल्या, "प्रकरण वाढवू नका. पोरीचीच बदनामी होईल."

"आजारानं बदनामी होत नाही, मॅडम. तुमच्या मास्तरांनी केलं त्यानं होते. आणि ती तुमची."

मग त्यांनी बंद खोलीत माफी मागायची तयारी दाखवली. मी नाकारली. अपमान चारचौघांत केलात, माफीही चारचौघांत मागा.

तुमचे बाबा फोनवर म्हणतात, "आई, दुसरी शाळा पाहू." नाही. आपण निघून जावं, हेच त्यांना हवं आहे. मैत्री इंजेक्शन घेईल आणि याच शाळेत जाईल. माफी मिळेपर्यंत रोज सकाळी मी मुख्याध्यापिकेच्या दारासमोर बसणार आहे. त्यांनी मला उठवून दाखवावं.