तारांवर टेकवलेला हात

ताईचा ऑर्केस्ट्रा होता असं सांगितलं की लोकांना काहीतरी मोठं वाटतं. प्रत्यक्षात आम्ही पाच जण. ताई गायची, मी इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे, आणि कीबोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड सांभाळणारी तिघं मुलं तिच्या कॉलेजातली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकमध्ये तेव्हा कुणाचा साखरपुडा, कुठल्या सोसायटीचा गणपती, ओळखीपाळखीने कार्यक्रम मिळत राहायचे. मुलगी गिटार वाजवते म्हणून लोक माझ्याकडे जरा जास्तच बघायचे, पण मला त्याचं काही वाटत नसे. माझा जीव अडकलेला असायचा गिटारच्या आवाजात.

गिटार जुनी होती, मुंबईहून कुणाकडून तरी आलेली. गिटारसाठीचा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आम्हाला परवडणारा नव्हता. एका लाउडस्पीकरवाल्याने अडगळीत टाकलेला, भाषणांसाठी वापरायचा अ‍ॅम्प्लिफायर कीबोर्डवाल्याने मिळवला होता. त्याला गिटार जोडली की पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज यायचा. मला हवा होता तो निराळाच. जाड, किंचित फाटलेला आणि तरी गोड. कॅसेटवर तो ऐकू यायचा आणि माझ्या हाताखाली काही केल्या येत नव्हता. आवाजाची धार ठरवणारा ट्रेबल कमी केला की आवाज गोधडीखालून आल्यासारखा, वाढवला की दात शिवशिवायचे. पायाने दाबायचा, आवाज मुद्दाम फाटका करणारा डिस्टॉर्शनचा एक पेडलही आणला. त्यातून मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखं वाटायचं. सिडकोतल्या आमच्या घरी, आई शाळेतून यायच्या आत, मी दुपारच्या दुपार ती बटणं फिरवत बसायचे.

शेवटी तो आवाज सापडला. अ‍ॅम्प्लिफायर जवळजवळ पूर्ण मोठा, गिटारवरचं आवाजाचं बटण मात्र बरंच मागे, ट्रेबल निम्म्याच्या खाली, पेडल बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उजव्या तळहाताची कड ब्रिजवर टेकवलेली. तारा गिटारच्या अंगावर जिथे अडकवतात ती धातूची पट्टी म्हणजे ब्रिज. हात तिथे टेकवून किंचित पुढे सरकवला की सूर आवळून यायचा, मागे घेतला की मोकळा व्हायचा. ताई स्वयंपाकघरातून हातात लाटणं घेऊनच बाहेर आली.

"हाच," ती म्हणाली. "आता कशाला हात लावू नकोस."

अ‍ॅम्प्लिफायर सतत घुमत असायचा. तारांना हात लावला की कधीकधी बोटांना बारीक मुंग्या यायच्या. मी कीबोर्डवाल्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "येतातच गं. पायात चप्पल ठेव." मी रबरी तळव्याचे बूट घालायला लागले आणि मुंग्या थांबल्या. मला वाटलं, संपलं.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत एका महिला मंडळाच्या वर्धापनदिनाला आम्हाला बोलावलं होतं. दुपारची वेळ, मंगल कार्यालय, समोर साड्या आणि गजऱ्यांची दाटी. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला बाजूच्या खोलीतून एक्स्टेन्शन ओढून आणली होती आणि माइकचा जोड कार्यालयाच्या बोर्डावर होता. दोन ठिकाणची वीज. यात काही वावगं असू शकतं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

तिसरं गाणं संपलं. टाळ्या चालू होत्या आणि माझी शेवटची तार अजून वाजत होती. ताईला पुढचं गाणं सांगायचं होतं. एका हातात माइक धरून ती माझ्याकडे वळली आणि तार थांबवायला तिने दुसरा हात सहज गिटारवर ठेवला. ती नेहमीच असं करायची.

तिचं तोंड उघडं राहिलं, पण आवाज आला नाही. स्पीकरमधून एक घोगरी गर्जना आली. तिची माइकवरची बोटं इतकी आवळली की नखं पांढरी झाली आणि तिचा हात माझ्या तारांवर थरथरायला लागला. तिचे डोळे माझ्याकडेच होते. मदत मागणारे वगैरे नव्हते ते. त्यांत काहीच नव्हतं.

मी मागे सरकले. एवढंच केलं मी. भीतीने एकदम दोन पावलं मागे गेले, गळ्यातली गिटार माझ्याबरोबर मागे गेली आणि ताईचा हात तारांवरून सुटला. ती बसकण मारल्यासारखी खाली पडली. माइक घरंगळत गेला. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी बोर्ड बंद केला, आणि मग सभागृहात फक्त बायकांचा गलका उरला.

दवाखान्यात ताईच्या छातीला वायरी लावून कागदाची पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, एक रात्र इथेच राहू द्या. तिच्या तळहातावर तारांच्या जागी बारीक तांबूस रेघा उठल्या होत्या. मंडळाच्या बायका फळं घेऊन आल्या. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "पोरीने प्रसंगावधान दाखवलं हो, नाहीतर काय झालं असतं!" मी मान हलवत राहिले. 

गंमत म्हणजे जिला झटका बसला ती आठवड्यात गाणं गुणगुणायला लागली. भीती बसली ती मला. फ्रिजचं दार मी ओढणीने धरून उघडायचे. दिव्याचं बटण लाकडी पट्टीने दाबायचे. गिझर चालू असताना नळाला हात लावला नाही. रस्त्यावरून जाताना विजेच्या डीपीची घरघर ऐकू आली की पलीकडच्या फुटपाथवर जायचे. झोपेत मला तो घुमणारा आवाज यायचा आणि त्याच्यामागे ताईचं ते उघडं तोंड. गिटार खोळीत घालून कपाटामागे उभी केली होती. ती खोलीत आहे हे अंधारातही कळायचं. एखादं जनावर दबा धरून बसलं आहे आणि आपण त्याच्याकडे पाठ करून झोपलोय, असं वाटायचं.

"माझ्या अंगातून वीज गेली आणि घाबरलीस तू?" ताई हसायची.

"तू तुझा चेहरा पाहिला नाहीस," मी एकदाच म्हणाले. त्यानंतर ती त्या विषयावर हसली नाही.

 बाबा ओझरच्या विमान कारखान्यात होते, पण हिशेबाच्या खात्यात. घरचा फ्यूज उडाला तरी ते शेजाऱ्यांना हाक मारायचे. आई म्हणाली, पुरे झालं ते वाजवणं. मला वाटलं, बाबाही तेच म्हणतील. मला खरंतर तेच हवं होतं. त्यांनी बंद कर म्हटलं असतं तर मी सुटले असते.

उन्हाळा गेला. ताईने कार्यक्रम पुन्हा सुरू केले आणि मला ओढून नेलं. मी बॅटरीवर चालणारा एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेतला, कारण त्याला भिंतीतल्या विजेशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचा आवाज काडेपेटीत कोंडल्यासारखा. त्याच्यापुढे माइक धरून तो मोठा केला तर मोठी काडेपेटी. मग जुन्या अ‍ॅम्प्लिफायरकडे परतले, पण बूट घालून, रबरी चटईवर उभी राहून. सगळी बटणं जिथे होती तिथेच ठेवली. कोणतं कुठे होतं ते मला पाठ होतं. तरी तो आवाज आला नाही. पसरट, पोकळ, चिरका. ट्रेबल आणखी उतरवला, दुसरा पेडल उसना आणला, तारा बदलल्या, तार छेडायचा जाड प्लेक्ट्रम घेतला. काही उपयोग नाही.

एका रविवारी दुपारी घरी सराव चालला असताना ताई माझ्या हाताकडे बघत उभी राहिली.

"तुझा हात कुठे आहे?"

मी खाली पाहिलं. माझा उजवा हात तारांच्या वर अधांतरी होता. तळहात ब्रिजला कुठेच टेकलेला नव्हता. फक्त प्लेक्ट्रमचं टोक तारेला लागत होतं, विस्तवाला लागावं तसं. मला ते माहीतच नव्हतं. आवाज बटणांत शोधत होते आणि तो माझ्या हाताने कधीच सोडून दिला होता.

"टेकव," ताई म्हणाली.

मी टेकवायला गेले आणि हात हवेतच थांबला. मी हाताला सांगत होते आणि तो ऐकत नव्हता.  ताईने अ‍ॅम्प्लिफायर बंद केला.

बाबा हे सगळं पेपरामागून ऐकत होते. चार दिवसांनी ते कारखान्यातून आले तेव्हा त्यांच्या पिशवीत एक होल्डर होता, त्यात दिवा, आणि होल्डरला दोन लांब वायरी. ओळखीच्या वायरमनकडून ते शिकून आले होते. शाळकरी मुलाने पाढा म्हणावा तसं त्यांनी मला सांगितलं, "एक वायर वीज येते त्या भोकात, दुसरी वरच्या मोठ्या भोकात. दिवा लख्ख लागला तर अर्थिंग आहे, म्हणजे गळकी वीज जमिनीत जाते. मिणमिणला किंवा लागलाच नाही, तर आपण वाजवायचं नाही." सांगताना त्यांनी वायरींची टोकं अंगापासून लांब धरली होती. बाबा विजेला माझ्याइतकेच घाबरतात हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर बाबा प्रत्येक कार्यक्रमाला यायला लागले. तरी माझा हात टेकत नव्हता.

पुढच्या थंडीत निफाडजवळ एका द्राक्ष बागायतदाराच्या घरी सकाळचा साखरपुडा होता. अंगणात मांडव आणि त्याच्या पलीकडे बागेच्या ओळी. बाबांनी बोर्डात वायरी घातल्या. दिवा लागला नाही. दुसऱ्या बोर्डात घातल्या, तिथेही नाही.  मी गिटार परत खोळीत घालायला लागले.

"थांब," बाबा म्हणाले आणि घरमालकाकडे गेले. "अर्थिंगचा खड्डा कुठे आहे तुमचा?"

"तो काय, गोठ्यामागं," ते गृहस्थ म्हणाले. "पण लय दिवसांत भिजवला नाय बघा."

दोघांनी मिळून त्या कोरड्या खड्ड्यात बादल्या ओतल्या. ऑफिसची पँट घातलेले बाबा चिखलात उभे होते. पाहुणे चहाचे कप घेऊन बघत होते. बऱ्याच वेळाने बाबांनी पुन्हा वायरी घातल्या. खड्ड्यात आणखी बादल्या पडल्या तसा दिवा आधी तांबडा, मग पिवळा, मग लख्ख लागला. गिटार आणि माइक दोन्ही त्यांनी त्याच एका बोर्डावर घेतले. मग गिटार माझ्याकडून घेतली, मांडवाच्या खांबाला टेकवली, डोळे बारीक केले आणि माइकची जाळी तारांना टेकवली.  स्पीकरमधून फक्त 'टक्' असा आवाज आला. ठिणगी नाही, गर्जना नाही.

"मला द्या," ताई म्हणाली.

"नको," मी ओरडले. मांडवातल्या माना वळल्या.

तिने गिटार माझ्या गळ्यात अडकवली. एका हातात माइक घेतला. माझ्याकडे बघत दुसरा हात सावकाश तारांवर ठेवला आणि तसाच ठेवून माइकमध्ये म्हणाली, "चेक, चेक." तिचा आवाज मांडवभर गेला. तिने हात उचलला नाही. ती हसत होती आणि तिचे डोळे जिवंत होते.

"आता तू," ती माइक बाजूला करून म्हणाली.

मी हात टेकवला. ब्रिज थंडीने गार पडलेला होता. मुंग्या आल्या नाहीत. मी एक तार छेडली. तो आवाज आला, तोच. जाड, किंचित फाटलेला, गोड. कीबोर्डवाल्याने मान वर करून पाहिलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण पहिली दोन गाणी मी फक्त मोजत होते, अजून काही झालं नाही, अजून काही झालं नाही. तिसऱ्या गाण्यात कधीतरी मोजायचं विसरले, मग आठवलं आणि पुन्हा धडकी भरली. सगळा कार्यक्रम असाच गेला. पण हात मी उचलला नाही.

परतताना जीपमध्ये ताई पुढच्या सीटवर झोपून गेली. बाबा माझ्याशेजारी होते, पँटवरचा चिखल वाळून पांढरा झालेला.

"कसा आला आवाज?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही ऐकला नाहीत?"

"कुठलं ऐकतोय मी," ते म्हणाले. "मी त्या बोर्डाकडेच बघत होतो."