आजींची कुंकवाची काडी

"डॉक्टर, तुमच्या मलमानं पोरगी भाजली." बाळापूरच्या शांताआजींनी नात थेट माझ्या टेबलावर बसवली. आवाज असा, की अकोल्यात माझ्या दवाखान्यासमोरून चाललेले ऑटोही थांबले असतील.

सहा वर्षांच्या स्वराला मोलस्कम झालं होतं. म्हणजे व्हायरसमुळे अंगावर येणारे मोत्यासारखे फोड, मधे बारीकशी खळी. लहान मुलांत सर्रास दिसतं, टॉवेलातून पसरतं, वर्ष-दीड वर्षात बहुतेकदा आपोआप जातंही. पण शाळेचं गॅदरिंग दोन-अडीच महिन्यांवर होतं आणि वर्गाच्या मॅडम म्हणाल्या होत्या, फोड असतील तर नाचात घेणार नाही. स्वरानं जेवण सोडलं. म्हणून मी क्रीम दिलं. आता तिच्या दंडावर फोडांपेक्षा लालीच जास्त.

"किती लावलं, आजी?"

"लग्नात हयद लावतो तसं. एवढे फोड अन् एवढुशी ट्यूब. मी म्हटलं, कंजुषी काहून करा?"

चूक माझी. ते क्रीम फक्त फोडावर, ठिपक्याएवढं लावायचं; भोवतीची कातडी ते सोलून काढतं. मी चिठ्ठीवर 'फोडांवर लावणे' लिहून पुढचा पेशंट बोलावला होता.

आठवडाभर क्रीम बंद ठेवलं. लाली गेल्यावर काडी घेऊन मी स्वतः दाखवायला बसलो. माझा हात असा, की चालत्या एसटीत टाके घालीन. पण स्वराला गुदगुल्या झाल्या आणि ठिपका गेला कोपरावर.

"आना इकडे," आजी म्हणाल्या. "पन्नास वर्सं मेणावर कुंकू लावून राहिली मी."

त्यांनी फोडाभोवती व्हॅसलीनचं बारीक कडं काढलं आणि मधोमध काडीनं क्रीम टेकवलं. ठिपका कड्याबाहेर जाईल कसा?

"हे कुठं शिकलात?"

"कपाळावर."

मॅडमना मी फोन केला. "उरलेले फोड बाहीखाली झाकले की पुरे. टॉवेल तेवढा वेगळा."

"लिहून द्या, डॉक्टर."

दिलं. गॅदरिंगपर्यंत तीनच फोड उरले, तेही लांब बाहीखाली. स्वरा नाचली. आजींनी शिट्टी मारली म्हणे. मूर्तिजापूरपर्यंत ऐकू गेली असणार.

आता प्रत्येक आईला मी आधी कडं, मग ठिपका करून दाखवतो. सगळे म्हणतात, डॉक्टरांनी काय शोधून काढलं. मी आजींचं नाव सांगतो. बहुतेक वेळा.