पुंजाजीचं ताट

तूर खळ्यावरून घरात आली की उंद्रीकडच्या त्या खेड्यात एक दिवस सारं गाव शाळेच्या पटांगणात जेवतं. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. वरणाची बादली कित्येक वर्षं पुंजाजीच्याच हातात. आता पंचाहत्तरी उलटली, बादली अर्धीच भरावी लागते, पण तोंड भरलेलं असतं. "घ्या, घ्या, लाजू नका! घरी बायकोनं एवढं वाढलं असतं काय?" असं म्हणत हा माणूस नको-नको म्हणणाऱ्याच्या हातावरून वरण ओतून पुढं जाणार.

त्याला खरी मजा यायची ती पत्रावळीच्या दिवसांत. त्याची माय तानुबाई पळसाची पानं काड्यांनी टाचायची, आणि गावाच्या पंगतीला पत्रावळी तिच्याच ओसरीतून जायच्या. गरम वरण पानावर पडलं की असा काही वास सुटायचा! वरण पळायला लागलं की पोरं रोडग्याच्या चुऱ्याचा बांध घालायची, आणि कोणाचा बांध फुटला की सारी पंगत हसायची. जेवण झालं की पानं गुरांपुढं. मागं कचरा म्हणून चिमूटभर उरत नसे.

मग थर्माकोल आला. मागच्या साली पंगत उठली, वारा सुटला, आणि ताटं उडून गावच्या विहिरीत. रंगराव पाटलाच्या म्हशीनं तर प्लास्टिकचा गिलासच गिळला. ती कशीबशी वाचली, पण रंगरावची सून वैष्णवी पेटून उठली. बचत गटाच्या बायांना घेऊन ती यंदा पारावर आली आणि म्हणाली, "औंदा फेकायचं काहीच आणायचं नाही. ज्यानं त्यानं आपलं ताट घरून आणायचं."

साऱ्यांनी माना हलवल्या. पुंजाजीनं मात्र टोपी झटकली आणि तो उठला. "मंग वरण दुसऱ्याले वाढू द्या," एवढंच बोलून चालता झाला.

घरी चांगुणानं हटकलं, "काऊन रुसले? ताटाचं वझं होते काय?"

पुंजाजीला दिसत होता त्याचा बाप. रंगरावच्या घरचं लग्न होतं, पुंजाजी तेव्हा एवढासा. बापाच्या एका हातात त्याचं बोट, दुसऱ्या हातात घरचं ताट. निरोपच तसा आला होता, 'जेवाले या, ताट आपलं आणा.' गोठ्यामागं बसवलं, वरून वाढलं. परत येताना बापानं नाल्यावर ताट घासलं. स्वच्छ झालं तरी घासत राहिला, पुन्हा पुन्हा, पोराकडं न बघता. त्या दिवशी पुंजाजीनं मनाशी गाठ मारली, की ताट घेऊन कोणाच्या पंगतीला जायचं नाही. पुढं दिवस बदलले. पानावर कोणाच्या घरचं नाव नसतं, म्हणून त्याला पत्रावळ प्यारी. आणि त्याच्या हातचं वरण पहिल्यांदा साऱ्या गावानं ओरपलं, तेव्हापासून ती बादली त्यानं सोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वैष्णवी दारात आली. "आबा, मले कालच कळलं. सासऱ्यायनं सांगितलं सारं. पत्रावळी करू काय मंग?"

"पयसाचे झाडं कुठी राह्यले, पोरी? नाल्याकाठी चार उरले, ते तरी राहू दे." त्यानं नाल्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "ताट आणतो मी. पण शाळेच्या दारात साऱ्यायच्या ताटाचा एक ढीग करा. ज्याच्या हाती जे येईन, त्यानं त्यात जेवावं. कबूल असंन तर बादली धरतो."

वैष्णवीनं मान खाली घातली. तिची सासू सरस्वतीबाई घरातल्या घरातही आपलं ताट कोणाला देत नसे. "विचारून पाहते," ती म्हणाली.

पंगतीच्या दिवशी शाळेच्या दारात ताडपत्री अंथरलेली, आणि बाया-माणसं ताटं छातीशी धरून उभी. पहिलं ताट कोणी टाकेना. पुंजाजी पुढं झाला. त्यानं काखेतलं ताट काढलं. लग्नात चांगुणाच्या भावानं दिलेलं, काठावर तिचं नाव कोरलेलं. ते त्यानं ताडपत्रीवर ठेवलं. मागची माणसं नुसती पाहत राहिली.

मग काठी टेकत सरस्वतीबाई आली. "काय पाहून राह्यले बे सारे? वरण निवून राह्यलं!" आणि तिचं ताट खणकन पडलं. त्यामागं असा खणखणाट झाला, की झाडावरचे बगळे उडाले.

उचलायची वेळ आली तेव्हा तिनं वरचं सोडून खालचं ताट ओढलं. काठावरून बोट फिरवत नाव वाचलं, पदरानं पुसलं आणि ती पंगतीत बसली. पुंजाजी बादली घेऊन आला आणि ताट ओळखून थबकला.

"वाढा ना पुंजाजीभाऊ. का ताट पाहूनच पोट भरू?"

"घ्या वैनी, घ्या!" त्यानं इतकं वरण ओतलं, की म्हातारीनं घाईघाईनं रोडग्याच्या चुऱ्याचा बांध घातला, तरी तो फुटलाच. वैष्णवी पोट धरून हसली.

पुढचे काही दिवस गावात नुसती ताटांची अदलाबदल चालली. भगवानरावचं ताट कोकिळाकडं, कोकिळाचं भलतीकडंच. परतीचं भांडं रिकामं द्यायचं नाही, त्यामुळं कोणाच्या ताटात बोरं, कोणाच्या हरभऱ्याची भाजी. एका दुपारी सरस्वतीबाई स्वतः पुंजाजीच्या दारी आली. ताटात तीळगूळ, वर पदर. या उंबऱ्यात ती पहिल्यांदाच येत होती. खाटेवर बसली, चहा प्याली, चांगुणाशी गुडघेदुखीचं बोलली आणि गेली.

त्या रात्री पुंजाजी त्याच ताटात जेवला. मग ते घेऊन मोरीवर गेला आणि स्वतः घासलं. एकदाच. विसळलं आणि पालथं घातलं.

चांगुणा दारातून बघत होती. "लग्नापासून पयल्यांदा ताट घासलं या माणसानं," ती म्हणाली. "वैनीले रोज बोलवत जा!"