चुंबकशेठचा गुडघा

माझ्या वडिलांना अख्खा बाजार चुंबकशेठ म्हणतो. भंगाराच्या दुकानात बसताना त्यांच्या गळ्यात सुतळीला बांधलेला चुंबक असतो. पितळेचा म्हणून कोणी नळ आणला की आधी चुंबक लावतात. चिकटला तर वर नुसता मुलामा, आत लोखंड. सख्ख्या भावाचा मालही त्यांनी असाच तपासला होता.

अशा माणसावर मी सहा वर्षं पहारा केला.

त्यांचा गुडघा अधूनमधून सुजून भोपळा व्हायचा. गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, युरिक ॲसिड आहे. मटण बंद, दारू बंद. आई गेलेली, त्यामुळे राखण माझ्याकडे. तरी गुडघा सुजायचाच. "चोरून खात असणार," डॉक्टर म्हणायचे, आणि मलाही तेच वाटायचं. बाबा दुकानातून आले की मी तोंडाचा वास घ्यायचे, खिसे उलटे करायला लावायचे. एकदा खिशात लवंग निघाली.

"दात दुखतोय," ते गडबडून म्हणाले.

"चोराच्या मनात चांदणं," मी म्हणाले आणि दोन दिवस अबोला धरला. दारूचा वास लपवायलाच लवंग, दुसरं काय?

गेल्या महिन्यात त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुडघ्यातलं पाणी काढून चुंबकाने तपासू, नवी पद्धत आहे. झालं. बाबांनी गळ्यातला चुंबक काढून गुडघ्याला लावला.

"बघा. चिकटत नाही. लोखंडच नाही तर तपासणार काय?"

"चिकटवायचं नाहीच, काका. दोन आजारांत सूज सारखीच दिसते, पण सांध्यातले बारीक खडे वेगळे असतात. त्या पाण्यातून उजेड सोडायचा आणि चुंबक लावायचा. युरिक ॲसिडचे खडे एका अंगाला वळतात, उजेड बदलतो. कॅल्शियमचे तसे वळत नाहीत."

"म्हणजे सहा वर्षं वरून बघूनच भाव केला," बाबा माझ्याकडे बघत म्हणाले. मग त्यांनाच शंका आली. "पण तुमचा चुंबक खरा कशावरून?"

"म्हणून तर सूक्ष्मदर्शकाखालीही बघणार. एकट्या चुंबकावर आमचाही भरवसा नाही."

तेव्हा कुठे त्यांनी पाय पुढे केला. आता यांचं पितळ उघडं पडणार, असं मी मनात म्हटलं. खोटं कशाला सांगू, मला थोडा आनंदही झाला.

दोन्हीकडून उत्तर एकच आलं. खडे कॅल्शियमचे होते.

"याचा खाण्यापिण्याशी संबंध नाही," बाई म्हणाल्या. "यांनी काहीही खाल्लं असतं तरी गुडघा सुजलाच असता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिक्षात बाबा बाहेर बघत बसले, मी हातातल्या कागदाकडे.

घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या, आणि सवयीने दोन्ही खिसे माझ्यासमोर उलटे केले. रुमाल, दुकानाच्या किल्ल्या, एक लवंग.

"बाबा, राहू द्या आता."

"बघून घे," ते म्हणाले. "दात अजून दुखतोय."