दिवेलागणीचे चार आवाज

भांडणातसुद्धा सूर ऐकणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहायला आला. मेहकरच्या स्टँडवर जागेवरून कंडक्टरशी माझी जुंपली होती, तेव्हा हे निवृत्त गायनमास्तर मागून येऊन शांतपणे म्हणाले, "आटपलं की घरी ये. मले गाण्यासाठी खालचा, खर्जातला आवाज मिळून नाही राह्यला."

सरांच्या डोक्यात एकच गाणं. जुन्या काळच्या ख्रिस्ती लोकांनी दिवा लावताना म्हटलेलं. कुणी रचलं, देवालाच ठाऊक. त्याचे शब्द मराठीत आणून सरांनी ते चार आवाजांत बांधलं होतं, म्हणजे चौघांनी एकाच वेळी चार वेगळ्या सुरांत गायचं. संध्याकाळी ते गुणगुणून झाल्याशिवाय त्यांच्या घरात दिव्याचं बटण दाबायची सोय नाही. एकदा त्या अंधारात मी बिस्कीट पाण्यात बुडवून खाल्लं आणि वर चहाला नावं ठेवली. पण काय सांगू, खिडकीतला उजेड विरत असताना त्यांचं ते गुणगुणणं ऐकलं, की मला उठावंसंच वाटत नसे. त्यांचा उजवा कान गेलेला, डावाही जाणार असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्याआधी ते चार आवाज एकदा एकत्र ऐकायचे, एवढीच त्यांची हौस.

पंचाईत आमची होती. शेजारचा वेगळं गायला लागला, की आपल्याकडे माणसाला वाटतं, बिचारा चुकला. आणि त्याला सांभाळून घ्यायला तो लगेच त्याच्या सुरात जातो. मी, शिंपीचाचा, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर आणि पास्टरांची सून, सगळे एकापेक्षा एक सांभाळून घेणारे. शेवटी सरांनी आम्हाला चार घरी वेगवेगळं शिकवलं. माझ्या वाट्याला तीनच सूर आले. महिनोन्महिने मी तेच घोकत असे. बायको विचारायची, "काऊन कन्हून राह्यले? पोट दुखते काय?"

मग एका रविवारी दिवेलागणीला सरांनी आम्हाला चर्चमध्ये एकत्र उभं केलं. दिवा लागला, आम्ही सुरुवात केली. माझ्या त्या कन्हण्यावर चाचांचा आवाज अलगद येऊन टेकला, त्यावर सिस्टरांचा, आणि सगळ्यांच्या वर सूनबाईंचा. अरे, हे असं होतं तर! मी गायचं सोडून ऐकतच राहिलो. पाहतो तर चौघंही ऐकत होतो, आणि गाणं केव्हाच बंद पडलं होतं.

आता बोलणी बसणार म्हणून आम्ही माना खाली घातल्या. सर डाव्या कानामागे हात धरून तसेच उभे होते. हळूच म्हणाले, "आयकाले थांबू नका बाप्पा. आयकाचं काम माह्यं हाय."

त्या संध्याकाळी आम्ही शेवटपर्यंत गायलो, आणि सरांनी ते डोळे मिटून ऐकलं.

आता तो कानही गेला. आम्ही दर रविवारी गातो, कुठेही न थांबता. सर पहिल्या बाकावर बसून आमच्या तोंडांकडे बघत राहतात. ऐकायचं काम आता आमच्याकडे आलंय, आणि खरं सांगतो, त्यांच्यासारखं ते आम्हाला काही जमत नाही.