गोदामाच्या दारावरचा शब्द

आमच्या गोदामाच्या दारावर इटालियन कंत्राटदाराच्या माणसांनी ‘मगाद्झीनो’ असं रंगवलं होतं. धाहरानजवळच्या त्या प्रकल्पावर मी स्टोअरकीपर होतो. सौदीकरणाचा आदेश आला आणि माझ्याच वयाचा एक सौदी तरुण माझ्याकडे शिकायला बसला. तो तयार झाला की माझी जागा त्याची. दुसरा कफील, म्हणजे माझी हमी घेणारा सौदी मालक, मिळाला नाही, तर माझा इकामा, तिथे राहण्याचा परवाना, खलास.

खोलीवरचे रत्नागिरीचे चाचा म्हणाले, “शिकव रे बाबा, पण अर्धंच. बाकी डोक्यात ठेव. मग कोण काढतो तुला?”

तिथे सगळे हेच करत. मला ते जमेना. लहानपणी मी बाबांबरोबर कारखान्याच्या फाटकावर पत्रकं वाटली होती: स्थानिकांना काम मिळालंच पाहिजे! तेव्हा स्थानिक आम्ही होतो. ती मागणी समुद्र ओलांडला म्हणून खोटी कशी ठरेल? आणि खरी असेल, तर मी घरी काय पाठवू?

एका दुपारी इटालियन इंजिनिअर गॅस्केट न्यायला आला. मी दारावरच्या शब्दाबद्दल विचारलं.

“म्हणजे गोदाम. पण शब्द मूळचा अरबांचा. जुन्या व्यापाऱ्यांबरोबर आमच्या बंदरांत आला.”

सौदी तरुण उडालाच. “मखजन! अनेक असले की मखाजिन! अरे, हा आमचा माल. परत कधी करताय?”

“आता विसर. त्याला तिकडे घर मिळालंय.”

“इकाम्याशिवाय?” मी म्हणालो. तिघंही हसलो.

मग मी सौदी तरुणाला ‘खजिना’ हा शब्द विचारला. तोही त्याच घराण्यातला निघाला. माझे बाबा युनियनचे खजिनदार. त्यांच्या वर्गणीच्या पत्र्याच्या डब्यावर रंगवलेला तो शब्द कुठून कुठे आला होता! पोटापाण्यासाठी निघालेली माणसंच त्याला घेऊन फिरली असणार.

दुसऱ्या दिवसापासून मी काही हातचं राखलं नाही. कुठला व्हॉल्व्ह उन्हात ठेवायचा नाही, कुठला पुरवठादार थापा मारतो, सगळं सांगितलं. मॅनेजरने विचारलं, “तयार आहे?” मी म्हणालो, “आहे.”

त्या संध्याकाळी सौदी तरुणाने त्याच्या गाडीचं दार उघडलं. “यल्ला, बस. माझ्या काकांच्या कारखान्यात स्टोअर नीट लावणारा माणूस हवाय. कफील बदलायला ते तयार आहेत.”

“आणि तुझ्या देशातल्या बेकारांचं काय?” मी विचारलंच.

“त्यांना कोण शिकवणार?” तो म्हणाला. “काकांकडे दोन सौदी पोरं येताहेत उद्यापासून. तुझ्या हाताखाली.”